काळी पाचची पेटी: बारा पट्ट्यांवर श्रुती बसवायला गेलो त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या सांगली-मिरज भागातलं आहे, नावं कुणाचीच देत नाही कारण सगळी माणसं रोजच्या भेटीतली आहेत. माणसं तीनच. एक ताई, ख्याल गातात, चाळीसेक वर्षांचा रियाज, त्यांचा सा काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी. दुसरा मी, त्यांना नऊ वर्षं पेटीची साथ करतोय. आणि तिसरे पेटीवाले काका, वय सत्तरच्या पुढे, लहानपणापासून पेट्या दुरुस्त करतात, कानाने सूर लावतात, मोबाईलवरचं ट्यूनर त्यांना दाखवलं तर बघतात पण विश्वास कानावरच ठेवतात.

पेटी म्हणजे माझ्याकडची एक जुनी डबल रीड, ३९ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला दोन सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या जिभा, एकूण ७८. सूर चांगले पितळी, आवाज गोल. रोजच्या साथीला माझी दुसरी पेटी आहे, त्यामुळे ही जरा मोकळीच होती आणि म्हणूनच हा सगळा प्रयोग करायची हिंमत झाली.

ज्यांना पेटीच्या ट्यूनिंगचं फार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, पुढे लागणार आहे. आपली पेटी मुळात युरोपातली, हार्मोनियमचं पेटंट १८४२ चं, पॅरिसचं. हाताने भाता मारायची, मांडीशी घेऊन वाजवायची पेटी नंतर कलकत्त्यात तयार झाली, द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास. पेटी बदलली पण तिचं ट्यूनिंग तिकडचंच राहिलं, सप्तकाचे बारा सारखे भाग. प्रत्येक भागाला १०० सेंट म्हणायचं, पूर्ण सप्तक १२०० सेंट. याचा फायदा मोठा आहे, कुठल्याही पट्टीला सा धरा, सगळं सारखंच वाजतं. तोटा असा की सा सोडला तर एकही स्वर तंबोऱ्याशी पूर्ण मिळत नाही. पंचम (प) आणि मध्यम (म) फक्त २ सेंटने चुकतात, ते चालून जातं. पण शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यात ३८६ सेंटवर बोलतो आणि पेटीत तो ४०० वर असतो. धैवत (ध) ८८४ च्या जागी ९००. निषाद (नी) १०८८ च्या जागी ११००. म्हणजे हे तिन्ही पेटीत चढे.

नेमकी अडचण

कोजागिरीला एका वाड्यात घरगुती बैठक ठरली होती, राग यमन आणि नंतर बागेश्री, माईक नाही, दोन तंबोरे, साठ-सत्तर माणसं. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी दिवाळी पहाट, तिथे तोडी. दोन्हीची तालीम एकदमच सुरू झाली.

यमनच्या तालमीत ताई गंधारावर थांबल्या की चेहरा आवळायच्या. हे मी आधी पण बघितलं होतं पण माईकवाल्या कार्यक्रमात इतक्या गोष्टी चालू असतात की विषय निघायचा नाही. त्या दिवशी खोलीत फक्त तंबोरा, त्या आणि मी, आणि तंबोऱ्याची जवारी (घोडीवरची झणकार देणारी जागा) नुकतीच मिरजेहून उघडून आणलेली, तंबोरा असा झणकारत होता की खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा-च्या, तारेतून गंधार स्पष्ट ऐकू येत होता. ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "तू गंधार दाबतोस ना, तेव्हा मला दोन गंधार ऐकू येतात. मी कुणाच्या मागे जाऊ सांग."

मी घरी येऊन आकडे मांडले. काळी पाच म्हणजे २३३ हर्ट्झच्या आसपास. त्याचा तंबोऱ्यातला गंधार, म्हणजे सव्वापट, २९१.३. पेटीचा गंधार २९३.७. दोनच हर्ट्झचा फरक दिसतो, पण हे दोन स्वर एकमेकांवर आदळतात ते वरच्या उपस्वरांत, म्हणजे स्वरात मिसळलेल्या वरच्या बारीक स्वरांत, जोडीच्या (मधल्या सा-च्या) तारेचा पाचवा उपस्वर आणि पेटीच्या गंधाराचा चौथा, तिथे फरक होतो सेकंदाला नऊ-साडेनऊ लहरी. खर्जाशी धरलं तरी साडेचारच्या आसपास. म्हणजे ताई गंधारावर न्यास करून, म्हणजे विसावून, शांत उभ्या राहिल्या की खाली सतत वँव वँव वँव चालू. गाणाऱ्याला ते कानाने नाही, गळ्यात जाणवतं असं ताई म्हणतात, आणि मला ते पटतं, कारण मी मोबाईलवर त्यांचा नुसता तंबोऱ्यावरचा गंधार मोजला तर तो ३८५-३८८ मध्ये बसायचा आणि पेटी चालू असताना तोच ३९५ पर्यंत सरकायचा. पेटी त्यांना ओढत होती. नऊ वर्षं मी साथ करत होतो असं समजत होतो आणि या एका स्वरावर मी त्यांना तंबोऱ्यापासून लांब नेत होतो, हे बघून मला खरंच वाईट वाटलं.

हा वाद नवा नाही, उलट आमच्याच गावाशी त्याचं जुनं नातं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या स्वरांच्या बारीक जागांवर, पुस्तक काढलं, त्यांच्या मोजमापाला अब्दुल करीम खाँसाहेबांनी गाऊन मदत केली, आणि क्लेमंट्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करण्यापर्यंत ते गेले. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवरून चांगलाच वाद झाला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीच बंद केली, ती थेट १९७१ मध्ये काही अटींवर परत आली. म्हणजे ताईंनी खोलीत जे सांगितलं त्याच्यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे.

पर्याय काय काय होते

पहिला, पेटी नकोच, सारंगी घ्या. ताईंना मनापासून हाच हवा होता. पण तारखेला मोकळा सारंगिया जवळपास नव्हता, आणि दुसरं म्हणजे ताईंनीच नंतर मान्य केलं की तानांच्या वेळी पेटीच्या भरीव आवाजाची त्यांना सवय झालीये.

दुसरा, पेटी तीच ठेवायची पण मी वाजवणं बदलायचं. गंधार, धैवत, निषाद लांब धरायचे नाहीत, स्पर्श करून सुटायचं, ताई न्यासावर असल्या की सा-पवर राहायचं. जुनेजाणते साथीदार हे करतच आलेत. तालमीत दोन दिवस केलं, खूप फरक पडला. पण यमनमध्ये गंधार टाळायचा म्हणजे साथ काय करायची, अर्धा राग तिथेच आहे.

तिसरा, बावीस श्रुतींची पेटी. डॉ. विद्याधर ओकांनी बनवलेली पेटी तुम्ही ऐकली असेल, सा आणि प अचल, बाकी दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा, खुंटी ओढली की त्या पट्टीतून दुसरी श्रुती निघते. दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. कल्पना अतिशय सुंदर आहे. पण आमचं बजेट नव्हतं आणि तीन आठवड्यांत नवं वाद्य हातात बसणार नव्हतं.

चौथा, कीबोर्ड. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंग असतं, बारा स्वरांपैकी प्रत्येक वेगळा सेंटमध्ये वरखाली करता येतो, बटण दाबलं की परत पहिल्यासारखं. वाड्यातल्या बिनमाईकच्या बैठकीत कीबोर्ड ही कल्पनाच ताईंना सहन झाली नाही आणि मी पण जोर लावला नाही. हा पर्याय आम्ही फार लवकर सोडला, त्याबद्दल शेवटी लिहितो.

पाचवा, मोकळी असलेली जुनी पेटी घ्यायची आणि तिचे सूरच काळी पाचला सा धरून तंबोऱ्याशी मिळवून घ्यायचे. खर्च कमी, वेळ आठ दिवस. तोटा पहिल्या दिवसापासून माहीत होता की ही पेटी मग काळी पाचचीच राहणार. स्केल चेंजर (सा बदलायची सोय) असता तरी उपयोग नव्हता, कारण चेंजरने पट्ट्या सरकतात, सूर त्यांच्या जागी तसेच राहतात.

आम्ही पाचवा धरला.

पहिला मोठा निर्णय: कोणत्या जागा

इथे मी घाई केली. माझ्याकडे श्रुतींचा तक्ता होता, प्रत्येक स्वराला दोन जागा लिहिलेल्या. शुद्ध रे १८२ की २०४. कोमल, म्हणजे उतरलेला, रे ९० की ११२. कोमल ग २९४ की ३१६. कोमल ध ७९२ की ८१४. शुद्ध ध ८८४ की ९०६. कोमल नी ९९६ की १०१८. प्रत्येक जोडीत २२ सेंटचं अंतर, आणि पट्टी एकच. म्हणजे दहा ठिकाणी हे की ते ठरवायचं.

काकांनी तक्ता बाजूला ठेवला. त्यांची पद्धत मला आजही थक्क करते म्हणून जरा सविस्तर लिहितो. ते म्हणाले तीनच गोष्टी कानाला पक्क्या कळतात, सा-प, सा-म आणि सा-ग. या तीन जोड्या लहर पूर्ण थांबेपर्यंत मिळवायच्या आणि बाकी सगळं त्यातूनच काढायचं. पंचमाचा पंचम घेतला की रे आला. गंधाराचा पंचम म्हणजे नी. मध्यमाला सा धरून त्याचा गंधार लावला की तो धैवत. निषादाचा पंचम म्हणजे तीव्र (चढा) म. आता कोमल स्वर उलटे काढायचे, असा कोमल ग शोधायचा की ज्याचा गंधार आपल्या पंचमावर पडेल. ज्याचा गंधार मध्यमावर पडेल तो कोमल रे. ज्याचा गंधार तार सावर पडेल तो कोमल ध. आणि मध्यमाचा मध्यम म्हणजे कोमल नी. झाले बारा. आकडा एकही नाही, आणि नंतर मी मोजलं तर २०४, १०८८, ८८४, ५९०, ३१६, ११२, ८१४, ९९६, म्हणजे तक्त्यातल्याच जागा.

इतकं चोख निघाल्यावर मला वाटलं हीच खरी शुद्ध पेटी, आता प्रश्न मिटला. ताईंना फोन करून तसंच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तोडीचं काय?" मी म्हटलं कोमल स्वर पण शुद्ध गणितात बसवलेत, काळजी नको. त्यांना खोलीत बसवून, कोमल गंधार गायला लावून, मोजून मगच पुढे जायला हवं होतं. मी ते केलं नाही.

प्रत्यक्ष काम

सूर म्हणजे पितळेची बारीक जीभ, एका टोकाला रिव्हेट मारलेली. मोकळ्या टोकाशी खरवडलं की जीभ हलकी होते आणि स्वर चढतो, रिव्हेटपाशी खरवडलं की लवचीक होते आणि उतरतो. गंधार १४ सेंट उतरवायचा, धैवत १६, निषाद १२, हे सगळं मुळाशी खरवडून. कोमल ग १६ सेंट वर न्यायचा, तो टोकाशी. काका जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचे म्हणजे ती वाकत नाही, आणि दोन-तीनच हात फिरवायचे, मग वाजवून बघायचे. खरवडलेलं पितळ परत येत नाही. चूक झाली तर दुसऱ्या टोकाला खरवडून भरपाई होते, पण प्रत्येक वेळी सूर पातळ होतो आणि आवाजाचा गोलपणा जातो.

साचे सहा सूर सोडून बाकी ७२ हाताखालून गेले. सहा दिवस लागले. बाहेर काढून लावलेला सूर पेटीत परत बसवला की दोन-तीन सेंट हलतो, हवेच्या दाबाने पण हलतो, मी भाता जोरात मारणारा आणि काका हळू, म्हणून शेवटचे दोन दिवस त्यांनी मला बसवून माझ्या भात्यावर सगळं परत तपासलं. ही गोष्ट बाहेरून लहान वाटते पण फार महत्त्वाची ठरली, कारण २ सेंटच्या हिशोबात काम करायचं आणि भात्याने ४ सेंट घालवायचे याला अर्थ नाही.

कोजागिरी

बैठकीत काय झालं ते सांगायला शब्द कमी पडतात. यमनचा पहिला न्यास गंधारावर आला, मी पट्टी दाबली आणि पेटी ऐकूच आली नाही. म्हणजे आवाज होता, पण तो तंबोऱ्यात विरघळला, फक्त तंबोरा अचानक मोठा झाल्यासारखा वाटला. ताईंनी वळून बघितलं आणि तिथेच राहिल्या, चांगल्या दीड-दोन आवर्तनं, नुसता गंधार. समोर बसलेल्यांत बरेचजण गाण्यातले नव्हते, त्यांना कुणी पेटीबद्दल सांगितलं नव्हतं, तरी नंतर दोघांनी विचारलं की आज काय वेगळं होतं.

बागेश्री त्याहून बरी गेली. मध्यमावरून धैवतावर जाताना तिथे नेमका सा-गंधाराचाच संबंध असतो, ३८६ चा, तो इतका स्वच्छ लागत होता की मला साथ करायला काही उरलंच नव्हतं, नुसतं बरोबर राहायचं. शेवटी ताईंनी मध्यमाला सा धरून अभंग घेतला, मला धाकधूक होती की आता सगळं विस्कटणार, पण तसं झालं नाही. कोमल नी ९९६ वर ठेवल्यामुळे मध्यमापासूनचा मध्यम पण बरोबर मिळाला, ग आणि नी पण. हे आम्ही ठरवून केलेलं नव्हतं, काकांच्या पद्धतीतून आपोआप आलेलं.

एकच ठिकाण खटकलं. रे आणि ध एकत्र वाजले की अंतर ७०२ ऐवजी ६८० निघतं, चक्क आखूड पंचम. यमनमध्ये एकदा मी रिषभ धरून धैवतावर आलो आणि तो फाटका आवाज मलाच आला. धैवत ९०६ वर ठेवला असता तर रे-ध जुळले असते पण मग मध्यमाशी धैवत गेला असता. दोन्ही एका पट्टीत होत नाही. आपल्याकडे षड्जग्राम-मध्यमग्राम असे दोन ग्राम, म्हणजे स्वरांच्या दोन वेगळ्या मांडण्या, भरतमुनींनी का सांगितले याचं उत्तर मला तिथे बोटाखाली कळलं.

जिथे अडलं

पहिली अडचण दोन दिवसांतच. ताईंची एक शिष्या काळी चारमध्ये गाते, ताईंच्या घरी हीच पेटी होती, तिने नेहमीसारखा रियाज सुरू केला आणि मध्यमावर आल्यावर रडकुंडीला आली, तिला वाटलं आपलाच गळा गेला. मी हिशोब केला तर काळी चारपासून मध्यम पडतो ५२० वर, ४९८ च्या जागी, म्हणजे २२ सेंट चढा. आणि गंधार ४०८, म्हणजे साध्या पेटीपेक्षा पण वाईट. बिचारी दोन दिवस त्या मध्यमाला मिळवून घ्यायचा प्रयत्न करत होती. पेटीवर मोठी चिठ्ठी लावायला हवी होती, ती आम्ही त्यानंतर लावली. तरुण गळ्यासमोर असं वाद्य न सांगता ठेवणं ही साधी चूक नव्हती.

दुसरी अडचण तोडीची, आणि इथेच माझी घाई उघडी पडली. दिवाळी पहाटच्या चार दिवस आधी तालमीला बसलो. ताई ज्या तालमीतल्या आहेत तिथे तोडीचा गंधार अति कोमल, रिषभ पण तसाच उतरलेला. सगळेच असं गातात असं मी म्हणत नाही, पण त्यांचा तसा आहे. मोजला तर २९०-२९६ च्या मध्ये. आणि आमच्या शुद्ध पेटीत कोमल गंधार ३१६. वीस-बावीस सेंटचा फरक! साध्या पेटीत तो ३०० असतो, म्हणजे ताईंच्या तोडीला न खरवडलेली पेटीच जास्त जवळची होती. रिषभ पण तसंच, हवा ९० च्या आसपास, साध्या पेटीत १००, आमच्यात ११२. धैवत हवा ७९२ कडे, साध्यात ८००, आमच्यात ८१४. यमनसाठी जे सुधारलं त्याच कामात तोडी बिघडवून ठेवली होती.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गंधार म्हणजे एक जागा नसते रे, तो कुठल्या रागाचा ते आधी विचारायचं असतं." मला तो तक्ता आठवला, त्यात दोन जागा लिहिलेल्या होत्या आणि मी त्यातली एक गणिताला सोपी म्हणून उचलली होती.

दुसरा निर्णय: चार दिवसांत काय करायचं

काकांकडे गेलो की कोमल स्वर परत उतरवून द्या. त्यांनी सरळ नाही म्हटलं. पंधरवड्यात दोनदा खरवडलेला सूर पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही आणि शिवाय मग बागेश्रीचं काय करणार, तिचा कोमल ग यातच लागतो. बरोबरच होतं ते.

दुसरा पर्याय होता तोडी बदलून भैरव घ्यायचा. ताई तयार नव्हत्या, आणि भैरवाचा रिषभ तर आंदोलित, तो कुठल्याच पट्टीवर उभा राहत नाही, त्याने काय सुटणार होतं.

शेवटी माझी रोजची साधी पेटी नेली. आणि ठरवलं की विलंबित भागात रे, ग, ध या तीन पट्ट्यांना लांब हात लावायचाच नाही. ताई गंधारावर असतील तेव्हा नुसता सा, किंवा काहीच नाही. तान आली की मोकळं वाजवायचं, वेगात १०-२० सेंट कुणाच्या गळ्याला ओढत नाहीत. पहाटे पाचला मैदानात थंडी होती, तंबोरे उतरत होते, दर वीस मिनिटांनी मिळवावे लागत होते, पण तोडी चांगली झाली. पेटी मात्र अर्धा वेळ गप्प होती आणि एका आयोजकांनी नंतर विचारलं की बरं नव्हतं का. त्यांना सविस्तर सांगितलं, त्यांना ते आवडलं.

आता परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट, कीबोर्ड. बैठकीत नको हे कबूल, पण घरी बसून स्केल ट्यूनिंगवर बाराच्या बारा जागा लावून, ताईंकडून कार्यक्रमातला प्रत्येक राग पाच-पाच मिनिटं गाऊन घेतला असता तर तोडीचा घोळ पहिल्या संध्याकाळी कळला असता आणि एक पण सूर खरवडावा लागला नसता. बैठकीचं वाद्य म्हणून नाकारलं आणि त्यासोबत तपासायचं साधन म्हणून पण नाकारलं, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

दुसरी, सुरुवात तक्त्यापासून नाही करणार. आधी गाणाऱ्याची यादी, पट्टी कोणती, राग कोणते, त्यातले न्यासाचे स्वर कोणते, आणि ते त्यांच्याच गळ्यातून मोजून घ्यायचे. ताईंच्या यादीत न्यासाचे स्वर काढले तर ग, ध, नी शुद्ध यांच्याबद्दल काहीच वाद नव्हता. वाद फक्त कोमल रे, ग, ध या तिघांचा. हे तीन पहिल्या फेरीत तसेच सोडून दिले असते, १००, ३००, ८०० वर, तर यमन तसाच सुंदर गेला असता, बागेश्री थोडी कमी, आणि तोडीला हीच पेटी निदान चालली असती.

तिसरी गोष्ट काकांनी सुचवलीये आणि सध्या त्याच्यावरच काम चालू आहे. डबल रीड पेटीत सुरांच्या दोन ओळी असतात, एक खर्जाची आणि एक वरची, आणि आमच्या पेटीत दोन्हींचे स्टॉप, म्हणजे ती ओळ चालू-बंद करायच्या खुंट्या, वेगळे आहेत. मग दोन्ही ओळी एकसारख्या लावायच्याच कशाला? वरची ओळ आत्ता आहे तशी राहू दे, बागेश्रीसाठी. खर्जाच्या ओळीत फक्त कोमल रे, ग, ध उतरवायचे, तोडीसाठी. तोडी आली की वरचा स्टॉप बंद, खर्जाचा उघडा आणि हात एक सप्तक वर. दोन्ही ओळी एकत्र वाजवता येणार नाहीत, निदान या तीन पट्ट्यांवर तरी, आवाजाचा भरणा कमी होणार, पण तीन स्वरांना दोन-दोन जागा मिळतात, नवीन काही न बनवता.

यावेळी खरवडलेलं नाही. सुराच्या टोकाला मेणाचा बारीक ठिपका लावला की जीभ जड होते आणि स्वर उतरतो, काढला की परत जागेवर. कायमचं नाही हे, जोरात वाजवलं किंवा ऊन लागलं की मेण सुटतं, पण चाचणीला पुरतं. खर्जाच्या ओळीतल्या चारही कोमल गंधारांवर काकांनी काल ठिपके लावले, एकावर जरा जास्त झालं, २८८ ला गेला, ते टाचणीने काढून २९४ वर आणलं. रिषभ आणि धैवत अजून बाकी आहेत. शिष्येसाठी साधी पेटी ताईंच्या घरी ठेवलीये. रविवारी सकाळी ताई येणार आहेत, दोन्ही तंबोरे लावून फक्त तोडीचा गंधार म्हणणार, आणि त्या जिथे थांबतील तिथे मेण कमी-जास्त करायचं असं ठरलंय.